पुठ्ठ्यामागचे चाळीस शब्द

११ जानेवारी

ही वही बायकोने आणून दिली. म्हणाली, "अहो, दिवसभर त्या पट्ट्याबद्दल माझ्याशी बोलता, ते आता हिच्यात लिहा. माझ्या कानांना जरा सुटी." ज्या घरात पोटच्या पोरीच्या कानांना बावीस वर्षं सुटी आहे, तिथे असं बोलायला हिची जीभ कशी रेटते कोण जाणे. पण वहीचा कागद जाड आहे, शाई फुटत नाही, तेव्हा लिहितो.

आज लिहिण्यासारखं घडलंही आहे. कारखान्याच्या साहेबांचं पत्र आलं. दोन मार्चला दुपारी ते आणि त्यांच्याबरोबर कानाचे एक डॉक्टर माझ्या घरी येऊन पट्टा पाहणार. खात्री पटली तर कारखाना पट्टे बनवायला घेणार आणि पहिले साठ पट्टे बहिऱ्या मुलांच्या शाळेत जाणार. या एका पत्रासाठी मी रेडिओ दुरुस्तीचं चालतं दुकान बंद केलं होतं. पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "बरं झालं," आणि भांडी घासायला गेली.

पुढेमागे वही कुणाच्या हाती पडली तर कळावं म्हणून सांगतो. पट्टा कापडी आहे, मनगटापासून कोपरापर्यंत बांधायचा. आत आठ चकत्या. समोरच्या डब्यात बोललं की चकत्या थरथरतात, जाड आवाज कोपराशी, बारीक आवाज मनगटाशी. कानाचं काम कातडीने करायचं, एवढीच कल्पना. ऐकायला सोपी वाटते, करायला गेलं की नाकी नऊ येतात.

रोज संध्याकाळी मुलगी कामावरून आली की मी तिची चाचणी घेतो. ती समोर बसते, पट्टा बांधते. मी डब्यात चाळीस शब्द एकेक करून बोलतो, ती ओळखून लिहिते. ओठ वाचून फसवाफसवी नको म्हणून तोंडासमोर जाड पुठ्ठा धरतो. शब्दांची यादी रोज नवी, क्रम रोज वेगळा, आदल्या दिवशीचा कागद फाडून टाकतो. मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. आज चाळीसपैकी सदतीस आले. हातच्या काकणाला आरसा कशाला?

१९ जानेवारी

मुलीला आम्ही मनी म्हणतो. तिसऱ्या वर्षी ताप आला, ताप उतरला आणि कान घेऊन गेला. त्यानंतर ती सगळ्यांकडे टक लावून बघायला लागली, उंदराच्या बिळाशी मांजर बसतं तशी. म्हणून मनी. डॉक्टरांनी हात वर केले त्या दिवशी मी मनाशी म्हटलं, माझी पोर ऐकेल, मी ऐकवीन.

ही मात्र दुसऱ्याच महिन्यात शाळेत जाऊन हातवारे शिकून आली. आता दोघी दिवसभर हातांनी बोलत असतात, हसतात, भांडतातसुद्धा. मी शिकलो नाही. शिकलो असतो तर हार मानल्यासारखं झालं असतं. एकाने तरी ताठ उभं राहायला हवं होतं. मला काही सांगायचं असेल तर मनी पाटीवर लिहिते आणि मी वाचतो, वेळ असेल तेव्हा.

मनी छापखान्यात खिळे जुळवते. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ लावायची. ती अक्षरं सगळी उलटी असतात, पण तिच्या डोळ्यांना आता उलटंसुलटं सारखंच. गेल्या आठवड्यात साहेबांना लिहिलेलं उत्तर मी टीपकागदावर टिपलं. मनीने तो टीपकागद उचलला, त्यावरचं उलटं पत्र सरळ वाचलं आणि त्यात मी तिचं वय चुकवलंय हे आईला सांगितलं. म्हणजे या घरात आता टीपकागदही कुलपात ठेवायला हवा. हुशार आहे पोरगी. ही बुद्धी माझीच.

२८ जानेवारी

पट्ट्याचं कापड उसवलं होतं. ते शिवायला मनीने एका शिंप्याला घरी आणलं. तो पण बहिरा, तिच्याच शाळेतला. आत आल्या आल्या त्याने माझ्याकडे बघून आपला तळहात तोंडासमोर आडवा धरला आणि मनीकडे पाहिलं. तिने मान डोलावली. गप्प राहून काम करीन असं म्हणत असावा. निदान अदब तरी आहे.

शिलाई मात्र नेटकी करतो, नाव ठेवायला जागा नाही. चहा होईपर्यंत वेळ होता, म्हणून मी त्याचीच चाचणी घेतली. मनीच्या खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला, पुठ्ठा धरला. चाळीसपैकी तीन. तीन! मी म्हटलं, मनीचे सदतीस आणि याचे तीन, यंत्र तर तेच आहे, मग कमी काय आहे ते उघड आहे. डोक्यात नुसता भुसा.

त्याला काही वाईट वाटलेलं दिसलं नाही. मनीने त्याला हातांनी काहीतरी सांगितलं, तेव्हा त्याने माझ्या उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि हसला. मग हसायचा थांबला आणि मनीकडे बघत राहिला. मीही वळून पाहिलं. मागे माझं हत्यारांचं कपाट, दुसरं काही नाही.

तो गेल्यावर ही म्हणाली, "त्यांचं लग्न करायचं ठरतंय. त्याला दुसऱ्या गावी मोठ्या दुकानात काम मिळतंय."

मी म्हटलं, "दोन मार्चपर्यंत कुणी कुठे जायचं नाही."

४ फेब्रुवारी

आज आठ. फक्त आठ!

डबा उघडला, प्रत्येक सांधा तपासला, काही सापडलं नाही. मग लक्षात आलं की हिने माझा ओला कोट वाळायला खोलीतच कपाटाच्या दारावर टांगला होता. पूर्ण दार झाकलेलं. खोलीत ओल झाली की चकत्या सुस्तावतात, हे मला आधीच सुचायला हवं होतं. मी हिला सांगितलं की यापुढे या खोलीत ओलं कापड दिसता कामा नये.

"नाचता येईना अंगण वाकडं," ही म्हणाली. मनी खाली मान घालून पट्ट्याची नाडी सोडत बसली होती.

५ फेब्रुवारी

कोट काढला. छत्तीस. सिद्ध झालं. ओलीबद्दल साहेबांच्या कागदात वेगळा परिच्छेद घालतो.

१२ फेब्रुवारी

बहिऱ्या मुलांच्या शाळेत गेलो होतो. मनीने कामावरून अर्धा दिवस सुटी घेतली. शाळेच्या मुख्य बाई दाराशीच उभ्या होत्या. मी वर्गात शिरलो तशी सगळ्या मुलांनी मनीकडे बघून तळहात तोंडासमोर धरले. काही हसली. मोठं माणूस आलं की गप्प बसायचं, ही शिस्त चांगली लावली आहे असं मी बाईंना म्हटलं. बाई म्हणाल्या, "हो, तसंच काहीसं," आणि फळ्याकडे वळल्या.

सहा मुलांना पट्टा बांधला. दोन, तीन, एक, दोन, चार, शून्य. शून्य मिळालेल्या मुलीने पट्ट्याला गाल लावून पाहिला आणि गुदगुल्या होतात म्हणून हसत सुटली.

बाईंनी विचारलं, "तुमच्या मुलीचे इतके कसे येतात?"

"सवय. आणि दुसरं म्हणजे तुमच्या मुलांना हातांची चटक लागली आहे. हातांनी काम भागत असेल तर कातडी कशाला कष्ट घेईल? सहा महिने हातवारे बंद ठेवा आणि मग फरक बघा."

"बंद ठेवा म्हणजे? हात बांधू त्यांचे?"

"बांधा की. औषध कडूच असतं."

मी पुठ्ठा बाजूला ठेवला होता, मनी माझ्या ओठांकडे बघत होती. थोडेफार ओठ तिला वाचता येतात. परतताना ती माझ्या पुढे दहा पावलं चालत होती. मी हाक मारली, मग आठवलं.

शाळेचे चालक मात्र समजूतदार निघाले. बाईंना बाजूला ठेवून त्यांनी मला सांगितलं, साहेब आणि डॉक्टर हो म्हणाले की जूनपासून शाळा पट्ट्यावर चालेल आणि हातवारे बंद. साठ मुलं. बावीस वर्षांपूर्वी मी एका मुलीसाठी सुरुवात केली होती.

२१ फेब्रुवारी

योगायोग पाहा. शाळेने पालकांसाठी पत्रक काढलं ते छापायला मनीच्याच छापखान्यात आलं. तिने स्वतःच्या हाताने अक्षर अक्षर जुळवलं. त्याची पहिली प्रत घरी घेऊन आली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "पट्टा मंजूर झाल्यास येत्या जूनपासून वर्गात, मैदानात व जेवणाच्या वेळी हातवारे करण्यास सक्त मनाई राहील. नियम मोडणाऱ्या मुलांना हातांवर बसवले जाईल." शेवटचं वाक्य मी सुचवलेलं नाही, पण मुद्दा पोचला आहे. बापाच्या कामाचं पत्रक लेकीच्या हाताने छापलं जावं, याहून काय हवं?

आज ती चाचणीला बसली नाही. डोकं दुखतंय म्हणाली, म्हणजे हिने तसं सांगितलं.

नंतर ही माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "तिला तुम्हाला काही सांगायचंय."

"पाटीवर लिहायला सांग. माझे दोन्ही हात अडकलेत."

मनीने पाटी लिहून टेबलाच्या कडेला ठेवली. तीन ओळी होत्या. पहिली वाचली: "बाबा, त्या कपाटाबद्दल सांगायचं आहे." म्हणजे लग्नाचं ठरायच्या आत संसाराचं सामान मागायला सुरुवात. सव्वा वर्षापूर्वी बंद पडलेल्या औषधांच्या दुकानातून मी ते कपाट आणलं, एकच मोठं काचेचं दार, धुळीला वाव नाही. हत्यारांना उजेड लागू नये म्हणून आतून काळा कागद चिकटवला. आल्यापासून माझं काम सरळ सुरू आहे. त्याच आठवड्यात मी चकत्या बदलल्या आणि मनीचे गुण सातावरून एकतिसावर गेले. पायगुणाचं कपाट मी कुणाला देणार नाही. पुढचं वाचलं नाही. मला तारांची आकृती काढायची होती, पाटी पुसून तिच्यावर काढली.

मनी दारात उभी होती. मी मान वर केली तेव्हा गेली होती.

१ मार्च

उद्या. कोण कुठे बसणार ते ठरवलं. साहेब खिडकीशी, डॉक्टर मनीच्या बाजूला, मी माझ्या जागेवर कपाटाकडे पाठ करून. टेबलावरचा दिवा दुपारीही लावून ठेवणार, कारण चाळिशी लागल्यापासून कागद हातभर लांब उजेडात धरल्याशिवाय मला दिसत नाही. उद्याची यादी जाड टाकाने मोठ्या अक्षरांत लिहिली.

आज मनीने आपणहून माझा कोट इस्त्री केला. शहाणपण आलेलं दिसतं.

२ मार्च, संध्याकाळ

सगळं जसं झालं तसं लिहितो.

साहेब आणि डॉक्टर वेळेवर आले. मी प्रस्तावना केली. मनीने पट्टा बांधला. मी पुठ्ठा धरला आणि शब्द बोलू लागलो. घर, पाणी, दार, चाक. मनी एकेक लिहीत होती. दहा झाले, दहाही बरोबर. साहेब पुढे सरकून बसले. डॉक्टर म्हणाले, "विलक्षण आहे." ते दोन शब्द मी बावीस वर्षं मनात ऐकत आलो होतो.

तेवढ्यात मनी उठली. पट्ट्याची तार ओढली जाईल म्हणून मी डबा धरला. ती माझ्या पाठीमागे गेली. कपाटाचं दार तिने उघडलं, पार भिंतीला टेकेपर्यंत मागे लोटलं आणि परत येऊन खुर्चीत बसली. मला मान हलवून खूण केली, बोला.

मी पुढचे दहा शब्द बोललो. मनीने पेन खाली ठेवलं होतं. पट्टा थरथरला की ती हाताचं बोट वर करायची, काहीतरी बोललात एवढं कळलं म्हणून. तेवढंच. दहापैकी एकही नाही.

डॉक्टर म्हणाले, "कपाट लावा पाहू." मनीनेच लावलं. पुढचे दहा, दहाही बरोबर.

मग डॉक्टरांनी मनीला उठायची विनंती केली आणि स्वतः तिच्या खुर्चीत बसले. मला म्हणाले, "यादी धरा, धरता तशी." मी धरली. त्यांनी बराच वेळ माझ्या खांद्यामागे पाहिलं, काहीतरी वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग हिला विचारलं, "ताई, तुमची मुलगी काम काय करते?"

"छापखान्यात आहे. खिळे जुळवते."

डॉक्टर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. साहेबांनी टोपी उचलली. दाराशी डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला, आजाऱ्याचा घेतात तसा.

पोटच्या पोरीने केसाने गळा कापला. आणखी लिहिवत नाही.

३ मार्च

मी जेवलो नाही. मनी छापखान्यात गेली, रोजच्यासारखी.

हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होतं."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. तिनेच सांगितलं मला. हसत सांगितलं तेव्हा."

"आणि तू सव्वा वर्ष गप्प राहिलीस?"

ही हात पुसत माझ्यासमोर बसली. अशी समोर ती सहसा बसत नाही. "अहो, आठवतंय का, एकतीस आले त्या दिवशी तुम्ही काय केलंत ते? तिच्या डोक्यावर हात ठेवलात. मग रोज संध्याकाळी तिची वाट बघायला लागलात. आली का, आली का, मला दहादा विचारायचात. सात येत होते तेव्हा तुम्ही तिच्याकडे नीट बघतसुद्धा नव्हता, डब्याकडे बघायचात. पोरीला बाप मिळाला होता. तुम्हालाही सुख होतं. माझ्याच्याने दोघांचं मोडवेना."

"मग आता का मोडलं?"

"ते पत्रक तिने स्वतः जुळवलं. एका घरापुरतं खोटं तिला चाललं. साठ पोरांना हातांवर बसवून नाही चालणार. तिने तुम्हाला आधी सांगायचं ठरवलं होतं. पाटीवर लिहिलंही होतं."

मी म्हटलं, ते कपाट मागत होती. ही माझ्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं संसार केला, पण ही अशी कधी बघितली नव्हती.

तरीही मला पटत नाही. खोटं ते खोटं. दहा वेळा सांगायचं होतं, दार लावून सांगायचं होतं, लोकांसमोर तमाशा कशाला?

१० मार्च

साहेबांचं पत्र आलं, दोन ओळींचं, सभ्य. शाळेने पत्रक मागे घेतलं, तेही छापूनच. ते मनीने जुळवलं की दुसऱ्या कुणी, विचारलं नाही.

मनीने शिंप्याशी नोंदणी करून लग्न केलं. ही गेली होती. मी पट्ट्याच्या चकत्या तपासत घरी बसलो. तपासण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी घरात कुणी नव्हतं. मी कानांत मेणाचे बोळे कोंबले, त्यावर कापूस, त्यावर फडकं बांधलं आणि पट्टा स्वतःच्या हाताला बांधला. ही आल्यावर तिला पुठ्ठा धरून यादी वाचायला लावली, कपाट उघडं ठेवून. चाळीसपैकी चार आले. त्यातले दोन अंदाजाने ठोकले होते. भुसा भरलेल्या शिंप्यापेक्षा एक जास्त.

१७ मार्च

आज मनीच्या खुर्चीत बसलो. दुरुस्तीला म्हणून बसलो होतो, पण सहज समोर लक्ष गेलं. कपाट लावलेलं होतं. काळ्या कागदामुळे काच आरशासारखी दिसते, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. इतक्या वर्षांत मी त्या खुर्चीत एकदाही बसलो नव्हतो. यंत्र मी शंभर बाजूंनी तपासलं, ही बाजू राहिली. शेवटी दिव्याखालीच अंधार होता.

हिला माझ्या जागेवर बसवलं आणि पुठ्ठा व यादी धरायला सांगितलं. समोर पुठ्ठा, त्यामागे माणूस आहे एवढंच समजतं. काचेत माणसाची पाठ आणि खांद्यावरून दिसणारी, दिव्याखाली धरलेली यादी, उलट्या अक्षरांत. मनीला सव्वा वर्ष रोज माझं एवढंच दिसत होतं, पुठ्ठा आणि पाठ. आणि हे बघायला ती कामावरून धावत घरी यायची.

मला फार वाईट वाटलं. इथे लिहितो, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

मग मी हिला विचारलं, "ती मुलं मला बघून तोंडासमोर हात धरतात, त्याचा अर्थ गप्प बसा असाच ना?"

"नाही. ते तुमचं नाव आहे. हातांच्या बोलण्यात प्रत्येकाला एक खूण असते. मनीची खूण डोळ्यापाशी. माझी कपाळापाशी. तुमची ही." आणि तिने तळहात तोंडासमोर आडवा धरला. पुठ्ठा.

"आणि पुठ्ठ्याच्या आधी? लहानपणी? तेव्हा काय म्हणायची मला?"

"तेव्हा खूण नव्हती. लागली नाही कधी."

२२ मार्च

मनी आणि शिंपी आज सकाळच्या बसने त्या दुसऱ्या गावी जाणार होते. ही पहाटेच स्टँडवर गेली. मी येणार नाही म्हणालो होतो. ही गेल्यावर अर्ध्या तासाने कोट घातला, तो मनीने इस्त्री केलेलाच, आणि गेलो.

थंडी होती. बस सुरू होऊन उभी होती, काचांवर आतून वाफ धरलेली. मनी खिडकीशी बसली होती. तिने हाताने काचेत एक गोल पुसून घेतला होता, त्यातून ती आईशी हातांनी बोलत होती. ही खाली उभी, हिचेही हात चाललेले. मला बघून दोघींचे हात थांबले.

मला काय करावं ते कळेना. हाक मारून उपयोग नव्हता. पाटी आणली नव्हती. मग मी तळहात उचलला आणि तोंडासमोर आडवा धरला. मी आलोय, एवढंच सांगायचं होतं. मला त्या बोलीतलं तेवढं एकच येतं.

मनी बघत राहिली. तिच्या शेजारून शिंपीही वाकून बघायला लागला. मग तिने स्वतःचा हात हळूच खाली नेऊन दाखवला. हात खाली घ्या.

मी घेतला. ती माझ्या ओठांकडे बघत होती, अगदी लहानपणी बघायची तशी. मी सावकाश म्हटलं, "पाटीवर पुढे काय होतं? दोन ओळी राहिल्या."

दोनदा म्हणावं लागलं. मग तिला कळलं. चालकाने तेवढ्यात गाडी हलवायला घेतली. मनीने काचेवर तोंडाने वाफ सोडली आणि बोटाने भराभर लिहिलं. छापखान्यातलं बोट, एकही अक्षर अडखळलं नाही.

"बाबा, मला ऐकू येत नाही."

बस गेली तेव्हा ही माझ्या बाजूला उभी होती. घरी परत येताना माझ्या लक्षात आलं की काचेवरची अक्षरं मला सुलट दिसली होती, म्हणजे आतून मनीने ती उलटी लिहिली होती, बाहेर उभ्या असलेल्या मला वाचता यावी म्हणून. या वेळी ओळ पूर्ण वाचली. पुसायचं म्हटलं असतं तरी ती काचेच्या तिच्या बाजूला होती.